तुझ्या फ्लेक्सचा मॅटर

आशू, तुझ्या फ्लेक्सचा मॅटर मी लिहिलेला नाही. हे आधी सांगून टाकतो. तुमच्या शेळगावच्या चौकात तो लागला तेव्हा सगळे धरूनच चालले होते की लिहिणारा मीच. एकानं तर खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ग्रॅज्युएट, लई काळजाला लागंल असं लिव्हलंय तुमी." मी नुसती मान हलवली. खरं काय ते सांगत बसायचं बळ नव्हतं.

तुला माहीत आहे, आपल्या दोन्ही घरांतला मॅटर माझ्याकडंच येतो. लग्नपत्रिका असो, जावळ असो, वास्तुशांतीचा बोर्ड असो. कऱ्हाटीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. आबांनी माझी पदवी फ्रेम करून देवांच्या शेजारी लावली होती, आणि बारामतीच्या खोलीच्या दारावर मी स्वतः पाटी लावली, नावापुढं बी.ए. लिहून. कॉलेजसाठी तू माझ्याकडं राहायला आलीस तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी त्या पाटीचा फोटो काढलास आणि मैत्रिणींना पाठवलास. फोटोखाली मुकुट टाकला होतास.

"म्हंजे काय?" मी विचारलं.

"म्हंजे आमचा मामा राजा हाय."

मुकुटाच्या शेजारी विदूषकाचं तोंडही होतं. ते काय म्हणतं हे मला पुढं दिवाळीला कळलं, तेही तुझ्या वर्गातल्या नसरीननं सांगितलं म्हणून.

तर इंदापूरला फ्लेक्सच्या दुकानात मी गेलो होतो, सोबत तुझे तात्या. दाजी गेल्यापासून तुमच्या घरात थोरले चुलते म्हणून शेवटचा शब्द तात्यांचा. कॉम्प्युटरवरच्या पोरानं तुझा फोटो घेतला, मागं ढग टाकले, दोन बाजूंना समया टाकल्या. मग हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "सांगा मॅटर."

शब्द सुचत नव्हते असं नाही. तेच शब्द सुचत होते. काळानं घाला घातला. मनमिळाऊ, कष्टाळू, सुस्वभावी. किती जणांसाठी मी हे लिहिलंय, आणि तू माझ्या पाठीमागं उभी राहून, टीव्हीवर बातम्या देतात तसं मोठ्यानं वाचलंयस. एकदा वाचता वाचता थांबलीस.

"मामा, तुमच्या शब्दात मेलेली मानसं समदी एकसारखी कशी काय होत्यात? ह्यो बाबा तर रोज बायकोवर खेकसायचा. मनमिळाऊ कवा झाला?"

"गेलेल्या माणसाबद्दल असंच लिहितात."

"मग वळखायचं कसं, कोन गेलंय ते?"

"वर फोटो असतो ना!"

मी तेव्हा चिडून बोललो होतो. आता दुकानात वर फोटो होता, तुझा, कॉलेजच्या गॅदरिंगचा, माझ्या बहिणीची, आक्काची मोरपंखी साडी नेसून काढलेला. आणि त्याच्याखाली तुला मनमिळाऊ म्हणायला माझी जीभ उचलेना. तू मनमिळाऊ नव्हतीस. चहात साखर कमी पडली तरी तू भांडायचीस. बसमध्ये खिडकीसाठी भांडायचीस. माझ्याशी तर रोजच, आणि मला ते रोज हवं असायचं.

आपलं मोठं भांडण भाषेचं होतं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथं पुन्हा काढतो.

मी तुला कंपनीतून मेसेज करायचो: "चि. अश्विनी, मला यायला उशीर होईल. कुकर लावून ठेवणे. दूधवाल्याचे भांडे बाहेर ठेवणे. काळजी घेणे." तुझं उत्तर एकच, सलाम ठोकणारं पिवळं तोंड. मला वाटायचं, मी एवढं नीट लिहितो, आणि ही पोरगी मला एक तोंड दाखवते. घरी आलो की बोलायचो. तू कणीक मळता मळता ऐकायचीस आणि म्हणायचीस, "मामा, सलाम केला ना तुमाला! आणखी काय, तोफा उडवू का?"

मग तू मला शिकवायला बसलीस. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, ताटं तशीच ठेवून. कवटी म्हणजे मरण नाही, कवटी म्हणजे हसून हसून मेले. कवटीच्या शेजारी थडगं म्हणजे मेले आणि पुरलंही. टोपी म्हणजे थाप. समोरचा फेकतोय एवढं सांगायचं. चहाचा कप आणि त्याला लागून दोन डोळे म्हणजे, काहीतरी खबर आहे, लवकर सांग. लाल झेंडे ओळीनं आले की त्या पोरापासून लांब राहा. डोळा, ओठ, डोळा असे तिन्ही शेजारी मांडले की ऐकून थक्क झालेलं माणूस. आणि दगडाचा तो उभट चेहरा म्हणजे, मला यावर काहीच बोलायचं नाही, पण मी ऐकलंय बरं का.

"आन् अंगठा?" मी विचारलं. अंगठा तरी मला येतो असं मला वाटायचं. कंपनीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे अंगठाच दाखवतात.

"अंगठा नका दाखवत जाऊ मामा, पाया पडते. अंगठा म्हंजे, बरं बरं, कळलं, हो बाजूला."

मी त्या दिवशी कपाळाला हात लावला. तुमच्या कॉलेजच्या एका सरांच्या मेसेजला मी अंगठा पाठवला होता, आदर म्हणून.

एक मात्र मला त्यातलं पटलं होतं, ते तुला कधी सांगितलं नाही. एकेकटं चित्र बोलत नाही. दोन शेजारी ठेवली की बोलतात. आणि कुठलं कुणाच्या शेजारी, हे तुम्ही पोरीपोरींनीच ठरवलेलं असतं. वर्गात एक अर्थ, हॉस्टेलच्या पोरींत दुसरा, घरी तिसरा. पुस्तकात कुठं छापलेलं नाही, कुणी परीक्षा घेत नाही, तरी कुणी चुकत नाही. मला हे बघून आत कुठंतरी मजा वाटायची. पण मी बी.ए. आहे, मराठी घेऊन झालेला. लगेच कबूल कसं करणार?

मी म्हटलं, "हसायला, टोमणे मारायला ठीक आहे तुमची ही भाषा. एक तरी दुःखाची गोष्ट सांगून दाखव ह्या चित्रांत. खऱ्या दुःखाची. ते फाटकं लाल काळीज सोडून."

तू फोन हातात घेतलास. बराच वेळ ती चित्रांची फळी वर-खाली केलीस. मला वाटलं, हरली. मग फोन पालथा ठेवून म्हणालीस, "माज्यावर अजून दुःख आलंच न्हाय मामा. आल्यावर दाखविते." आणि ताटं उचलून घासायला गेलीस.

दाजी गेले तेव्हा तू इतकी लहान होतीस की ते दुःख आक्कानं एकटीनंच उचललं. तुझ्या वाट्याला खरंच आलेलं नव्हतं. ते तुझ्या तापाच्या निमित्तानं आलं आणि आमच्यावर येऊन बसलं, आणि दाखवायला तू नाहीस.

शनिवारचं सांगू का. शनिवारी दुपारी तू शेळगावची एसटी धरायचीस. माझी एकच अट होती: पोचलीस की कळव. तू फाटकातून आत शिरलीस की आक्काची ती तांबडी शेळी तुझ्या पिशवीत तोंड घालायची, पिशवीत बारामतीची भजी असतात हे तिला पाठ होतं. म्हणून तू तिथं अंगणातच उभी राहून मला पाठवायचीस: शेळी, आणि तिच्या शेजारी सलाम ठोकणारं तोंड. पोचले, शेळी भेटली, आज्ञेप्रमाणे कळवलं साहेब. मी उत्तर लिहायचो, "पोचल्याचे समजले. आईस नमस्कार सांगणे." आणि मग जेवायला बसायचो. त्याआधी नाही. हे तुला माहीत नव्हतं. शेळी यायला उशीर झाला की भात गार व्हायचा आणि मी खिडकीत उभा राहायचो, फोन हातात घेऊन, चष्मा लावून.

पोरींमध्ये मात्र तुझी शेळी वेगळी होती. तिथं शेळी म्हणजे सगळ्यात भारी माणूस, इंग्रजी 'गोट'वरून: ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम. प्रॅक्टिकलच्या दिवशी नसरीनचं जर्नल घरी राहिलं, तेव्हा तू कुणाची तरी सायकल घेऊन तिच्या वडलांच्या बांगड्यांच्या दुकानामागच्या घरापर्यंत गेलीस आणि सर हजेरी घ्यायच्या आत परत आलीस. घामानं भिजलेली, पोटरीला चेनचं काळं लागलेलं. त्या दिवसापासून वर्गात तू शेळी आणि मुकुट. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, "माणसाला शेळी म्हणतात आणि ती खूश होते, कसला जमाना!" तू मला दगडाचा चेहरा पाठवलास. आपण एकाच खोलीत बसलो होतो.

तू गेल्याची बातमी घरच्या ग्रुपवर मीच टाकली. दोन ओळी, नीट लिहून. त्याखाली हात जोडलेले येत गेले, एकाखाली एक, एकाखाली एक. आणि मध्येच तात्यांनी एक तोंड टाकलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी येणारं. तात्यांना ते रडणारं वाटलं. ते हसून हसून पाणी आलेलं होतं. एकदा नाही, तीनदा टाकलं, दुःख फार झालं होतं म्हणून. कॉलेजात जाणारी तुझी ती चुलत भावंडं, ज्यांना ते कळत होतं, त्यांच्यातलं एकही हसलं नाही. कुणी तात्यांना सांगितलंही नाही.

आणि मी काय केलं माहीत आहे? तुला सांगायला फोन उचलला. तात्यांनी काय टाकलंय बघ, म्हणून. तुझं नाव काढलं, वर तुझा तो गॉगलवाला फोटो आला, आणि मग हात थांबला. अंत्यविधीला मी सरळ उभा होतो. आक्काला धरलं होतं. त्या क्षणी मात्र मला भिंतीला टेकावं लागलं. ही गोष्ट कळणारं, ह्या गोष्टीवर माझ्याबरोबर हसू शकणारं एकच माणूस, आणि बातमी त्याचीच.

तर, दुकानात मी मॅटर सांगत नव्हतो आणि पोरगं वाट बघत होतं. तेवढ्यात नसरीनचा फोन आला.

"मामा, एक सांगायचं होतं. आम्ही सगळ्या म्हणतोय, आशूच्या फोटोखाली शेळी आणि मुकुट टाका. प्लीज. बाकी काही नको आमचं, नावंपण नकोत."

आवाज बाहेर जात होता. तात्यांनी ऐकलं.

"काय टाका म्हनती ती?"

"शेळी, तात्या. त्यांच्यात शेळी म्हणजे सगळ्यात भारी."

"भारी आसंल तुमच्या बारामतीत. दुःखाच्या फ्लेक्सवर शेळी? आरं, पावणं म्हनतील तेराव्याला बोकाड हाय!"

कॉम्प्युटरवरच्या पोरानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. आणि आशू, मलाही हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. तात्या आधी माझ्याकडं बघत राहिले, मग टोपी काढून तोंडावर धरून रडले. म्हणाले, "शेळीच्या पाठी पळायची रं ती. ल्हान हुती तवा. तिला म्हनायचो, शेळी हुशील." पुसलं, टोपी घातली, आणि पोराला म्हणाले, "तुझ्यापाशी तयार मॅटर आसंल की. त्योच टाक. ग्रॅज्युएटाला आज जमायचं न्हाय."

पोरानं तयार मॅटर टाकला. त्यात मनमिळाऊ होतं. मी आडवा आलो नाही. तात्यांच्या घरची पोर होतीस, त्यांनाही एक शब्द हवा होता धरायला.

तात्या बाहेर चहा सांगायला गेले तेव्हा मी त्या पोराला म्हटलं, "खाली कोपऱ्यात तू तुझ्या दुकानाचं नाव टाकतोस ना?"

"व्हय साहेब. समद्याच फ्लेक्सवर असतंय."

"ह्या एकावर नको टाकू. तिथं शेळी टाक. आणि तिच्या शेजारी सलाम."

"मुकुट म्हनत हुत्या न्हवं त्या?"

"मुकुट त्यांचा. सलाम माझा."

त्यानं दोन्ही केलं. शेळी, एका बाजूला मुकुट, एका बाजूला सलाम. अंगठ्याएवढं. काही विचारलं नाही. तुझ्याच वयाचा होता.

दशक्रियेला तुझ्या पोरी बारामतीहून एसटीनं आल्या. चौकात उतरल्या आणि सगळ्या फ्लेक्सपाशी थांबल्या. गावातली माणसं रोज तिथून जात होती, कुणाला कोपरा दिसला नव्हता. नसरीनला उतरताच दिसला. तिनं तिथं बोट ठेवलं आणि काढलंच नाही. मग वर वाचत गेली, मनमिळाऊपाशी आली, माझ्याकडं वळली, आणि डोक्यावरची ओढणी दोन बोटांनी टोपीसारखी पुढं ओढून दाखवली.

थाप, मामा.

"मी नाही लिहिलं ते," मी म्हटलं. एवढं एकच खरं मी त्या दिवसांत बोललो असेन, आणि तेही तिलाच. ती म्हणाली, "माहितेय. तुम्ही तिला ओळखता." आणि मग तिथंच, चौकात, पोरी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी बिड्या विझवल्या.

तेरावा झाल्यावर फ्लेक्स उतरवला. फ्लेक्सचं पुढं काय होतं ते तुला सांगायला नको. आपल्याकडं तो वाया जात नाही. कुणी कडब्यावर टाकतं, कुणी ढोबळी मिरची निवडायला खाली अंथरतं. आमदार-खासदारांची तोंडं गोठ्यागोठ्यांत आहेत. मी आक्काला म्हटलं, "हा मी बारामतीला नेतो, गुंडाळून ठेवतो."

"गुंडाळून कशाला? अंधारात?" आक्का म्हणाली. "शेळ्यांच्या छपराला भोकं पडल्यात. तितं लावू. तोंड आतल्या अंगाला करून. उन्हानं जाया नको."

तात्यांनी तारा आणल्या. मी शिडी धरली. आता तू आतून छपराला आहेस, आणि ती तांबडी शेळी तुझ्या खाली बसून रवंथ करते. कोपरा बरोबर गव्हाणीवर येतो. आक्का पाला टाकायला जाते तेव्हा वर बघते. काही बोलते का, ते मी विचारलेलं नाही.

मी बारामतीला परत आलो. दारावरची पाटी तशीच आहे. कंपनीतून निघताना अजून बोटं लिहायला लागतात, कुकर लावून ठेवणे. खोलीत आलो की खोली गप्प असते. आधीही मी एकटाच राहत होतो, कित्येक वर्षं, आणि मला ती शांतता चालायची. तू येऊन ती मोडलीस आणि आता ती नीट बसत नाही. फोनवर कंपनीचे अंगठे येतात. तू सांगितल्यापासून मला ते खरंच लागतात. बरं बरं, कळलं, हो बाजूला.

तुझा फोन आक्कापाशी आहे. ती रोज चार्ज करते आणि भिंतीतल्या देवळीत ठेवते. तुझ्या पोरी अजून त्यावर पाठवतात, काय पाठवतात ते आक्का उघडून बघत नाही. वाजला की म्हणते, "आल्या बग पोरी."

परवाच्या शनिवारी मी शेळगावची एसटी धरली. तुझीच, दुपारची. भजी घेतली होती. फाटकातून आत गेलो तर दावं तोडल्यासारखी ती शेळी आली आणि पिशवीत तोंड घातलं. मी अंगणात उभा राहिलो. तिथंच, जिथं तू राहायचीस. पोचल्यावर कळवायचं हा नियम माझाच होता. पण मी पोचलो हे कळवायला, आशू, माझ्याकडं कुणी नव्हतं.

मी चष्मा लावला. तुझं नाव काढलं. शब्द लिहिले, "सुखरूप पोचलो", आणि खोडले. मग ती चित्रांची फळी उघडली, जी मी कधी उघडत नव्हतो, आणि शोधत बसलो. प्राण्यांमध्ये किती खाली आहे ग ती शेळी. सापडली. तिच्या शेजारी सलाम ठेवला. पाठवलं.

आत देवळीत तुझा फोन वाजला.

आक्का बाहेर आली नाही. आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग ती दारात आली, फोन हातात, पदरानं काच पुसत. पहिल्यांदाच उघडून बघत होती. अक्षर असतं तर तिनं माझ्यापुढं धरलं असतं, वाच म्हणून. पण ही दोन चित्रं ती दर शनिवारी तुझ्या खांद्यावरून बघत आली होती. तिनं फोनकडं बघितलं, शेळीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं, खूप वेळ.

"पोचलास व्हय," ती म्हणाली. "ये आत. जेवून घे."